रोही : हा शब्द नेमका कुठून आला?

धुऱ्यावरून

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो आहे. घरी नऊ एकर कोरडवाहू. खरिपात पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, आणि विहिरीनं साथ दिली तर रब्बीत हरभरा.

मागच्या हंगामात हरभरा घाट्यावर आला आणि चार रात्रीत दीड एकर रोह्यांनी (पुस्तकातल्या नीलगायींनी) साफ केला. बाबा नुकसानीचा अर्ज द्यायला गेले. मी गावात नव्हतो, म्हणून त्यांनी तोंडी सांगितलं आणि समोरच्यानं लिहून घेतलं. बाबा वऱ्हाडी बोलतात. आमच्याकडे बोलताना 'ह' अर्धा गिळला जातो, रोहीचा 'रोई' होतो. "रोईनं हरभरा गेला जी," एवढंच ते म्हणाले. कागदावर उमटलं, "रोगाने हरभरा गेला." दोन आठवड्यांनी उत्तर आलं की कीडरोगाच्या तक्रारी दुसऱ्या खात्याकडे द्याव्यात. तोवर वावरात पंचनाम्याला दाखवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

लिहून घेणारा माणूस वाईट नव्हता. त्यानं हा शब्द आयुष्यात ऐकलाच नव्हता. त्याला 'नीलगाय' माहीत होती. बाबांना 'नीलगाय' म्हणायची सवय नाही. आजाही रोहीच म्हणायचा, पणजाही. छापील कागदावर, बातमीत, शाळेच्या पुस्तकात मात्र सगळीकडे नीलगाय. त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

माझे प्रश्न असे. 'रोही' शब्द कुठून आला? विदर्भाबाहेर तो कुठे कुठे आहे? नर आणि मादी यांना कुणाकडे वेगळे शब्द आहेत का? आणि या जनावराचा गायीशी काडीचाही संबंध नसताना त्याच्या नावात गाय आली कशी?

जागल्या

भाऊ, तुमचं दुःख समजलं. मी वाशीम जिल्ह्यातला. आमच्याकडं बी रोहीच. नीलगाय म्हटलं त म्हातारे लोक इचारतात, कोनाची गाय हाय, सुटली काय.

रोही रातच्याले येते, पन दिवसा कुठं होता हे त्याच्या लेंड्यायवरून कयते. हे जनावर एकाच जागी येऊन लेंड्या टाकते. धुऱ्याच्या कोपऱ्याले एवढा ढीग असते. तो ढीग ताजा दिसला की त्या रात्री जागल पक्की. आमच्या घरी दिवाळीपासून शिमग्यापावतर कोनी ना कोनी मचानीवर झोपते. झटका मशीन लावली, जुन्या साड्या बांधल्या, सुतळी बॉम्ब फोडले. चार दिवस भेते, मंग त्याले समजते का हे लोक काई करत नाई.

शब्दाचं मले माईत नाई. वाचून रायलो.

सावंगीची सून

माझं माहेर सातारा, सासर वर्धा. लग्नाआधी 'रोही' हा शब्द कानावर पडला नव्हता. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "वावरात रोही हाय, एकटी जाऊ नको." मला वाटलं रोही नावाची कुणी बाई आहे. मग एका सकाळी तुरीत उभा असलेला पाहिला. उंच मान, पाठ मागे उतरती, गळ्याशी केसांचा झुपका, रंग ओल्या पाटीसारखा. इतकं मोठं जनावर आणि पाय किती बारीक! तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. कितीतरी वेळ.

आमच्या माहेरी गवा आहे, सह्याद्रीच्या जंगलात. रोही मात्र नाही, म्हणून शब्दही नाही.

जुना मास्तर

धागा फार आवडला. तीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्या जोरावर थोडं लिहितो.

संस्कृतात 'रोहित' म्हणजे तांबडा. त्याच शब्दानं तांबूस रंगाचं हरीणही ओळखलं जाई, आणि 'रोहित्' म्हणजे तांबडी हरिणी. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात एक जुनी आणि कठोर कथा आहे. प्रजापतीला स्वतःच्या मुलीचा मोह होतो. ती रोहित् होऊन पळते, तो ऋश्य, म्हणजे नर हरीण, होऊन तिच्या मागे लागतो. देवांना हे सहन होत नाही. ते आपल्यातलं सगळं उग्र एकत्र करून एक देव घडवतात आणि तो प्रजापतीला बाणानं विंधतो. विंधलेला प्रजापती आकाशात मृग झाला, विंधणारा मृगव्याध झाला, ती हरिणी रोहिणी झाली, आणि तीन कांडांचा तो बाण मृगाच्या पोटात आजही दिसतो.

आता जनावराकडे बघा. रोहीचा मोठा नर निळसर काळा, मादी आणि पोरगे तांबूस भुरे. एकाच जातीत दोन रंग. ऋश्य म्हणजे रोहीचा नर असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मोनियर विल्यम्सच्या संस्कृत कोशात ऋश्यचा अर्थ पांढऱ्या पायाचं हरीण असा दिला आहे. रोहीच्या खुरांच्या वर पांढरी कडी असतात, हे जागल्यांनी रात्रीच्या बॅटरीच्या उजेडात पाहिलंच असेल.

सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यक ग्रंथात ऋष्य (ऋश्यचंच दुसरं रूप) हा निळ्या अंगाचा असून लोक त्याला रोझ म्हणतात, असं सांगितलं आहे.

आणखी एक. रामायणातल्या ऋष्यशृंगाचं नाव मुलं हमखास 'ऋषीशृंग' असं लिहितात, कारण तो ऋषी. खरं तर नावातला शब्द हाच आहे, ऋष्य. या जनावराचं शिंग ज्याच्या डोक्यावर आहे तो ऋष्यशृंग. अंगदेशात दुष्काळ पडला, तेव्हा त्याला राज्यात आणलं आणि पाऊस पडला अशी कथा आहे. आपल्या भागात पाऊस लांबला की मला हा शिंगाचा मुलगा आठवतो.

जागल्या

मास्तर, पांढरी कडी पाह्यली हाय. काळोखात तेच पयले दिसते, चार पांढरे गोल चालून रायले असे.

मुळामुठा

मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी, पुण्यात असते. मास्तरांच्या लिहिण्याला ध्वनींच्या बाजूनं आधार देते.

प्राकृतात दोन स्वरांच्या मधला 'त' झिजून जातो. रोहित, मग रोहिअ, मग रोही. हीच वाट 'लोहित'नं धरली आहे. रोहित आणि लोहित हे एकाच शब्दाचे दोन उच्चार, दोन्ही तांबडे. लोहितचं गुजरातीत 'लोही' झालं, म्हणजे रक्त. गुजरातीतलं लोही आणि वऱ्हाडातला रोही एकाच घरचे.

आता रोझ. गुजरातीत या जनावराला रोझ म्हणतात, हिंदीत रोझ, राजस्थानात रोजडा. हा शब्द ऋश्यवरून आला असं म्हणायचा मोह होतो, पण 'श्य'चा प्राकृतात सहसा 'स्स' होतो, 'झ' होत नाही. 'झ' येतो तो 'ह्य'पासून. गुह्यचं गुज्झ, सह्यचं सज्झ. मह्यम् चं मज्झ झालं आणि त्यातूनच आपला 'माझा' घडला. म्हणून मला रोझ हाही रोहीचाच भाऊ वाटतो, ऋश्यशी त्याचं नातं फक्त अर्थाचं. मास्तर, चूक असेल तर सांगा.

जुना मास्तर

चूक नाही. मी घाईनं दोन्ही एका दोरीत ओवत होतो, ते तुम्ही सोडवलंत. अमरकोशातही मृगांच्या यादीत ऋश्य आणि रोहित शेजारी शेजारी आहेत, पण दोन वेगळी नावं म्हणून. त्याच यादीत शंबर आहे, तो आपला सांबर.

तळ्याकाठची

भंडारा जिल्ह्यातून. आमच्याकडे मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव, आणि त्यात रोहू. माझे वडील ढीवर, त्यांचा जन्म मासोळीत गेला. मुळामुठाताई, तो रोहू पण तांबडाच ना? खवल्याच्या कडेला तांबूस झाक असते त्याच्या.

मुळामुठा

हो, अगदी! संस्कृतात त्या माशालाही रोहितच म्हणतात. तुमच्या तळ्यातला रोहू आणि धुऱ्यावरचा रोही एकाच रंगावरून नाव घेऊन आले.

वनपाल निवृत्त

त्यात झाडही धरा. आपल्या कोरड्या जंगलात रोहन आहे. लाकूड आतून तांबडं, साल कडू, जुने लोक तापावर सालीचा काढा द्यायचे. संस्कृतात रोहिणी. टिपेश्वर अभयारण्याकडे भटकलो तेव्हा रोहनाच्या सावलीत रोही बसलेले पाहिलेत. एवढी वर्षं दोन्ही नावं तोंडात होती, पण एकमेकांना कधी लावून पाहिली नव्हती.

पऱ्हाटी

म्हणजे रोहिणी नक्षत्र पण?

जुना मास्तर

रोहिणीचा मुख्य तारा डोळ्यांना तांबूस दिसतो. थंडीत मचाणावर असाल तेव्हा पूर्वेकडे बघा. मृगाचे तीन तारे एका ओळीत, हाच तो त्रिकांड बाण. त्या ओळीच्या एका टोकाकडे सरळ जा, खूप झळाळणारा व्याध. उलट्या टोकाकडे जा, तांबडी रोहिणी. शिकारी, बाण आणि हरिणी एका रेषेत.

सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत येतो, ७-८ जूनला मृगात. आपण रोहिणीच्या पावसात वखर मारतो आणि मिरग लागला की पेरतो.

धुऱ्यावरून

मास्तर, हे वाचून उठलो आणि अंगणात जाऊन आलो. ढगामुळे काही दिसलं नाही. पण मिरगाला पेरायचं आणि दिवाळीनंतर रोह्याला हाकलायचं, हे दोन्ही शब्द एकाच गोष्टीतून आले आहेत हे बाबांना सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, "मंग पेरतेवेळीच त्याचा वाटा काढून ठेवा लागन."

ढोरांचा डॉक्टर

चर्चा छान चालली आहे, पण मूळ धाग्यातल्या एका वाक्याला हरकत घेतो. "गायीशी काडीचाही संबंध नाही" हे बरोबर नाही.

आपण रोहीला हरणांत काढतो. चितळ, सांबर ही खरी हरणं. त्यांची शिंगं भरीव, फांद्यांची, दरवर्षी गळतात आणि नव्यानं येतात. रोहीचं शिंग पोकळ, एकेरी, जन्मभराचं, आणि फक्त नराला, वीतभर. म्हणजे चितळाच्या कुळात तो बसतच नाही. गाय, म्हैस, शेळी, काळवीट, रोही हे सगळे पोकळ शिंगांच्या मोठ्या कुळातले. त्या कुळाचे पोटभाग केले तर काळवीट एका घरात जातो, आणि रोही गाय-म्हशीच्या घरात. त्या घरातली त्याची खोली वेगळी, तिथे त्याच्यासोबत फक्त चौशिंगा राहतो. रोही गायीचा सख्खा नाही, पण चुलत नक्की आहे. काळवीटापेक्षा तो गायीला जवळचा.

मादी साधारण आठ महिने गाभण असते आणि पुष्कळदा जुळी देते. कळप लवकर वाढतो त्याचं एक कारण हे. सड चार असतात, गायीसारखेच.

नाव देताना सगळेच गोंधळले आहेत. १७६६ मध्ये पालास नावाच्या निसर्गशास्त्रज्ञानं त्याला शास्त्रीय नाव दिलं, पुढे ते बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस असं स्थिरावलं. फोड करून बघा, बैल-हरीण, बोकड-उंट. चार जनावरं एका नावात. बिहारमध्ये लोक त्याला घोडपरास म्हणतात, तिथे घोडा आला.

धुऱ्यावरून

डॉक्टरसाहेब, चूक मान्य. हे मला खरंच माहीत नव्हतं. धागा बदलता येत नाही, म्हणून इथेच लिहून ठेवतो की माझं ते वाक्य चुकीचं होतं.

जुना मास्तर

डॉक्टरांच्या लिहिण्यावरून न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, उदाहरण आठवलं. तर्कसंग्रह या ग्रंथात उपमान, म्हणजे सारखेपणावरून होणारी ओळख, शिकवताना येतं. एका माणसाला 'गवय' म्हणजे काय ते माहीत नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गायीसारखा असतो. हा रानात जातो, गायीसारखं पण गाय नसलेलं जनावर दिसतं, आणि त्याला कळतं की हाच गवय. हे गवय म्हणजे सावंगीच्या सूनबाईंच्या माहेरचा गवा. जंगलातलं अनोळखी जनावर घरच्या गायीवरून ओळखायचं, ही आपली फार जुनी रीत आहे. नीलगाय हे नावही त्याच रीतीनं पडलं असणार.

सावंगीची सून

पण बघा, गवा तर खरोखर गायीच्या अगदी जवळचा आहे. त्याला कुणी गाय म्हणत नाही. आणि लांबच्या चुलत्याला नावात गाय मिळाली.

किल्लेदार

अकोल्याचा आहे, इतिहासाची आवड. नीलगाय या नावाचा माग मोगल दरबारापर्यंत लागतो. दरबारी फारसीत 'नीलगाव'. इथला 'गाव' म्हणजे आपलं खेडं नव्हे, ते ग्रामवरून आलं. फारसीतला गाव म्हणजे गाय किंवा बैल, आणि तो संस्कृत 'गो'चा सख्खा भाऊ. फारसीत लिंगभेद नसल्यानं नीलगावमध्ये निळा बैलही बसतो. जनावराचा निळा रंग नरालाच असतो, तेव्हा मूळ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बैलच असावा असं मला वाटतं. हिंदीत येताना त्याची गाय झाली.

जहांगीरला या शिकारीचं वेड होतं. एक नीलगाव वारंवार हातून निसटल्यावर त्यानं नवस बोलला, की हा मिळाला तर याचं मांस ख्वाजा मुईनुद्दीन यांच्या नावानं फकिरांना वाटीन. हे त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्याच्याच दरबारातल्या उस्ताद मन्सूरनं काढलेलं नीलगावचं चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नर आहे. गळ्याचा झुपका, खुरांवरची पांढरी कडी, सगळं जसंच्या तसं.

मुळामुठा

मोगलांवरून आणखी एक जोड. 'मृग' शब्दाचा जुना अर्थ फक्त हरीण नाही, कोणतंही रानातलं जनावर. म्हणून शिकारीला मृगया, सिंहाला मृगेंद्र, माकडाला शाखामृग. मल्याळममध्ये आजही मृगम् म्हणजे जनावर. आणि इराणी भाषांत याच शब्दाचा भाऊ पक्ष्याकडे वळला. जुन्या इराणी अवेस्ता भाषेत मेरेघ म्हणजे पक्षी, फारसीत मुर्ग, आणि तिथून आपल्याकडे मुर्गी. शिकारीचा शब्द एकीकडे हरणावर बसला, दुसरीकडे कोंबडीवर.

जागल्या

बाप्पा! मुर्गी अन् मिरग एकच?

मुळामुठा

एकच मूळ, दोन देशी वाढलेलं.

पऱ्हाटी

मूळ विषयाकडे यायचं म्हणते. शब्द कुठून आला ते कळलं, छान वाटलं. पण नावाचं ओझं कुणाच्या डोक्यावर पडतं तेही लिहायला हवं.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं बिहारपुरतं, एका वर्षासाठी, या जनावराला उपद्रवी ठरवलं. जून २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेच्या वर जनावरं मारली गेली आणि देशभर गदारोळ झाला. केंद्रातले दोन मंत्री एकमेकांविरुद्ध बोलले. त्या वादात एक बाजू शेतकऱ्याच्या पिकाची होती, दुसरी जनावराच्या जीवाची, आणि मधोमध 'गाय' हा शब्द होता. लोकांनी बातमी वाचली ती 'गायी मारल्या' अशी. घोडपरास मारले असं छापलं असतं तर वाद झालाच नसता असं मी म्हणत नाही, पण वेगळा झाला असता.

माझ्या नवऱ्याची तूर दोन वर्षं गेली. त्याला कुणाला मारायचं नाही. भरपाई वेळेवर मिळावी आणि कुंपणाला अनुदान मिळावं, एवढंच. पण आम्ही 'नीलगायीचा त्रास' म्हटलं की शहरातल्या माणसाचा चेहरा बदलतो. 'रोह्याचा त्रास' म्हटलं की तो विचारतो, रोही म्हणजे काय, आणि मग निदान ऐकून घेतो.

सदाहरित

मी नागपूरला असतो, प्राण्यांसाठी काम करतो. पऱ्हाटीताईंचं दुःख खरं आहे. तरी माझी बाजू मांडतो. नावात गाय आहे म्हणूनच हे जनावर इतक्या ठिकाणी टिकलं असं मला वाटतं. जिथे रानडुक्कर दिसताच लोक धावतात तिथे नीलगायीवर हात उचलत नाहीत. ते कवच आपण काढून घ्यावं का? शब्दाची व्युत्पत्ती खरी असली तरी प्रत्येक खऱ्या शब्दाचा उपयोग चांगलाच होईल असं नाही.

धुऱ्यावरून

सदाहरित, तुमचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला, म्हणून उत्तराला उशीर.

आमच्या गावात सगळे रोहीच म्हणतात. नावात गाय नाही. तरी माझ्या आठवणीत गावात कुणी रोही मारलेला नाही. तीन वर्षांपूर्वी एक पोरगा कोरड्या विहिरीत पडला होता, रोहीचा पोरगा, तांबडा. सात-आठ माणसं दोर घेऊन उतरली. त्यात ज्याची सोयाबीन त्याच महिन्यात खाल्ली होती तो माणूसही होता. वर काढल्यावर त्यानं त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि सोडून दिलं. त्याला कवच नावानं दिलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, जनावराचं रक्षण त्याच्या खऱ्या नावानंही होऊ शकतं. आणि शेतकऱ्याचं नुकसान खोट्या नावाखाली लपू नये. 'नीलगाय' पुसा असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी दाखवलं तसं त्या नावातही थोडं तथ्य आहे. कागदावर त्याच्या शेजारी 'रोही' लिहायला जागा हवी, एवढंच मागणं आहे. ज्या माणसाचं पीक गेलं त्याच्या तोंडातला शब्द अर्जात असावा.

सदाहरित

विहिरीची गोष्ट वाचली. त्यापुढे माझ्याकडे बोलायला काही नाही. शेजारी दोन्ही नावं, याला माझी हरकत नाही.

वनपाल निवृत्त

नोकरीतला अनुभव सांगतो. नवीन मुलं बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात. त्यांना पहिल्या आठवड्यात मी गावच्या शब्दांची यादी पाठ करायला लावायचो. धुरा, वावर, जागल, मचाण, रोही. रात्री बाराला फोन येतो, घाबरलेला माणूस घाईत बोलतो. त्या वेळी "काय म्हणालात?" असं दोनदा विचारणं बरं नाही.

तळ्याकाठची

मूळ प्रश्न राहिला ना, नर-मादीचे वेगळे शब्द?

जागल्या

आमच्या घरी मोठ्या नराले काया रोही म्हनतात. मादी अन् पोरं आले त 'तांबडे आले'. माह्या बापाचं म्हननं, काया रोही एकटा असते त कमी खाते, तांबडे आले त आख्खं वावर जाते. मचानीवरून हाका मारतानी बी तसंच सांगतात, "काया हाय का तांबडे?" त्याच्यावरून किती जनानं उठाचं ते ठरते.

जुना मास्तर

जागल्या, तुमच्या वडलांना माझा नमस्कार सांगा. निळा-काळा ऋश्य आणि तांबडी रोहित्. ऐतरेय ब्राह्मणात जी जोडी आहे ती तुमच्या मचाणावरून रोज रात्री हाकारली जाते.

जागल्या

सांगतो. त्यायले वाचता येत नाई, पन मी वाचून दाखवतो.

धुऱ्यावरून

आज बाबांनी नवा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. या वेळी तुरीचा. कळप मोठा होता, चार काळे, बाकी तांबडे. जनावराचं नाव या रकान्यात मी 'रोही, म्हणजे नीलगाय' असं लिहिलं आणि बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "यातलं रोई कोन्तं?" मी दाखवलं. मग सही केली. सकाळी नऊला निघतो.

जागल्या

झेरॉक्स काढून ठेवजा भाऊ. अन् पोच घेजा.